आल्तो आदिजेची व्हाइट वाइन आणि टेस्टिंग मेन्यू: या चुका टाळा

इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून आल्तो आदिजे हा प्रांत आहे. इथले द्राक्षमळे साधारण २०० मीटरपासून १००० मीटर उंचीपर्यंत चढत जातात. दिवसा कडक ऊन पडतं आणि रात्री डोंगरावरून गारवा उतरतो. उन्हात द्राक्षं नीट पिकतात, पण रात्रीच्या थंडीमुळे त्यांचा आंबटपणा शाबूत राहतो. पिनो बियांको, केर्नर, सिल्वानर या इथल्या व्हाइट वाइनची खरी मजा त्या आंबटपणातच आहे. टेस्टिंग मेन्यूशी, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या छोट्या छोट्या कोर्सच्या जेवणाशी, जोडी लावताना बहुतेक चुका तिथेच होतात.

मासा बघून वाइन ठरवणं

"मासा आहे ना, मग व्हाइट" एवढ्यावर थांबू नका. आधी सॉस बघा. तोच ट्राउट खरपूस लोण्यात आला तर पिनो बियांको त्याचा तुपकटपणा कापते आणि पुढचा घास हवासा वाटतो. पण त्याच ट्राउटवर लिंबू किंवा व्हिनेगर सढळ हाताने ओतलेलं असेल, तर वाइन एकदम पाणचट लागते. पदार्थ वाइनपेक्षा जास्त आंबट असला की जिभेला वाइनमधला आंबटपणा जाणवेनासा होतो, आणि हलक्या वाइनमध्ये तो गेला की मागे फार काही उरत नाही. अशा वेळी वाइनला नावं ठेवू नका. तिला बाजूला ठेवा आणि पुढच्या लोणी किंवा चीज घातलेल्या कोर्सबरोबर परत प्या.

याच भागातले शेफ नॉर्बर्ट नीडरकोफ्लर डोंगरात मिळेल तेवढंच वापरायचं म्हणून स्वयंपाकात लिंबू आणि ऑलिव्ह तेल वापरत नाहीत. अशा जेवणात लिंबाचं काम वाइनकडे सोपवता येतं. घरी पाहुण्यांसाठी बेत करतानाही हे उपयोगी पडतं: ही वाइन द्यायची असेल तर ताटातलं लिंबू कमी करा.

शाकाहारी माणसाने इथे बिचकायचं कारण नाही. पालक आणि रिकोटा (मऊ ताजं चीज) भरलेले, वर गरम लोणी सोडलेले श्लुट्सक्राप्फेन, म्हणजे करंजीसारखे पास्ता, या वाइनसोबत मांसाच्या कित्येक पदार्थांपेक्षा छान लागतात. फक्त वरून किसलेलं चीज पारमेजान असेल, तर त्यात वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, असतं. चालत नसेल तर आधीच सांगा.

बर्फासारखी गार करणं

घरचा फ्रीज चार-पाच अंशांवर असतो. त्या तापमानाला वास दबतो, उरतो नुसता आंबटपणा आणि कडवटपणा. केर्नर किंवा साधी पिनो बियांको ८ ते १० अंशांवर प्या. इथल्याच तेर्लानो गावची, लाकडी पिंपात मुरलेली, जरा जुनी बाटली असेल तर १२ अंशसुद्धा चालतील. फ्रीजमधली बाटली पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा. रेस्टॉरंटमध्ये ग्लास फारच गार आला तर तळवे लावून थोडा वेळ धरा आणि बाटली बर्फाच्या बादलीतून बाहेर ठेवायला सांगा. असं सांगण्यात काही गावंढळपणा नाही.

गेव्युर्त्सट्रामिनर आधी मागवणं

त्रामिन गावचं नाव मिरवणाऱ्या या वाइनला गुलाब आणि लिचीचा वास येतो. वासावरून गोड वाटते, पण बहुतेकदा गोड नसते. तिच्यात आंबटपणा कमी आणि अल्कोहोल भरपूर, अनेकदा १४ टक्क्यांच्या वर. ती सुरुवातीला घेतली की नंतरची पिनो बियांको बिचारी गप्पच होते. हलकी आधी, दणकट नंतर. गेव्युर्त्सट्रामिनर निळ्या बुरशीच्या चीजपर्यंत राखून ठेवा. गोड मिष्टान्नाबरोबर मात्र ती नको, कडू लागते.

शतावरी आली म्हणून वाइन टाळणं

भाजीच्या शतावरीशी, म्हणजे ॲस्परॅगसशी, वाइन जुळत नाही असं सर्रास सांगितलं जातं. तेर्लानोचे लोक हे ऐकून हसतील. वसंतात तिथे पांढरी शतावरी निघते आणि उकडलेल्या अंड्यांच्या बोल्झानो सॉससोबत वाढतात. शेजारी तिथलीच सोव्हिन्यों ब्लाँ ही व्हाइट वाइन असते. तिचा हिरवट वास भाजीच्या वासाशी जुळतो आणि अंडं दोघींना सांभाळून घेतं. पिंपात मुरलेली वाइन इथे टाळा, लाकडाची चव भाजीला कडवट करते.

बाटलीत काहीतरी दिसलं म्हणून परत पाठवणं

तळाशी किंवा बुचाला चिकटलेले पारदर्शक खडे काचेचे नसतात. वाइनमधल्या टार्टारिक आम्लाचे क्षार थंडीत असे जमतात. ते निरुपद्रवी आहेत, शेवटचा घोट हळू ओता म्हणजे झालं. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर मात्र बूच खराब आहे, ती बाटली नक्की परत करा. वेटर आधी घोटभर ओततो ते याच तपासणीसाठी. वाइन आवडली की नाही, हे विचारण्यासाठी नव्हे.