नारोशंकराच्या घंटेला ‘टिन्टिनॅब्युलेशन’ म्हणू नका

शिकवणीतल्या एका मुलीने इंग्रजी निबंधात लिहिलं, की पंचवटीत नारोशंकराच्या घंटेचं टिन्टिनॅब्युलेशन ऐकून तिचं मन भरून आलं. ती घंटा तिने खरंच ऐकली होती का, हे मी विचारलं नाही. लाल पेन मात्र अडखळलं, कारण कॉलेजात असताना मीही हाच शब्द याच घंटेला चिकटवला होता आणि तेव्हा स्वतःवर फार खूश होतो.

हा इंग्रजी शब्द (tintinnabulation) घंटेच्या आवाजाचाच, पण लहान घंटेच्या. लॅटिनमध्ये टिन्टिनॅब्युलम म्हणजे घंटी. रोमन लोक अशा घंट्या दारात टांगत, वाईट नजर लागू नये म्हणून. कानात सतत आवाज येत राहतो त्या टिनिटसचं मूळही तेच. आपल्या ‘किणकिण’सारखाच आवाजावरून पडलेला शब्द, फक्त लॅटिनची शाल पांघरून आलेला.

तेव्हा वापरायच्या आधी कानाला विचारा: मराठीत मी इथे किणकिण, रुणझुण म्हणेन का? पोळ्याला गल्लीतून बैल निघाले, गळ्यात घुंगरमाळा, तर बेलाशक लिहा. काचेच्या बांगड्या, वाऱ्यावर हलणाऱ्या घंट्या, किल्ल्यांचा जुडगा, इथेही चालतो. आवाज बारीक हवा, धातूचा किंवा काचेचा हवा आणि एकात एक मिसळत राहणारा हवा. एकच ठोका पडून थांबला तर नाही.

नारोशंकराची घंटा यात कुठे बसते? वसईच्या १७३९ च्या विजयाची आठवण म्हणून सांगितली जाणारी, गोदाकाठच्या देवळावरची ती अजस्र घंटा. नाशकात खणखणीत आवाजाच्या माणसालाच आपण ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो! त्या माणसाला किणकिणणारा म्हणाल का? तिच्यासाठी टोल, पील किंवा क्लँग घ्या. टोल म्हणजे संथ, एकेक ठोका. अंत्ययात्रेची छटाही त्यात असते, जपून. पील म्हणजे आनंदाचा घणघणाट. क्लँग म्हणजे धातूचा खणखणाट.

टिन्टिनॅब्युलेशन हा शब्द इंग्रजी वाचकांच्या कानी बसवला अमेरिकन कवी एडगर ॲलन पो यांच्या घंटांवरच्या कवितेने. ती १८४९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. तिथेही तो बर्फगाडीच्या रुपेरी घंट्यांसाठी येतो. शेवटच्या कडव्यातल्या लोखंडी घंटांना पो टोलच म्हणतात.

शब्दकोशातला ‘घंटानाद’ हा अर्थ फसवतो. घंटानाद आंदोलनाचं भाषांतर या शब्दाने करून पाहा, मोर्चा हसतच परत जाईल.

उच्चारताना जोर ‘ले’वर. अक्षरं सोळा: पहिल्या ‘टिन’ला एक एन, दुसऱ्याला दोन. शब्दानंतर बहुधा ‘ऑफ’ लावून कशाची किणकिण ते सांगावं लागतं. एका लेखात एकदाच वापरा. शब्द स्वतःच एवढा वाजतो की दुसऱ्यांदा आला तर वाचकाला मिश्कीलपणा वाटतो. मिश्कीलपणाच करायचा असेल तर गोष्ट वेगळी.

मुलीने दुसऱ्या दिवशी पोळ्याचं वाक्य लिहून आणलं. छान होतं. दुसरा एन तेवढा राहिला होता.