कार्टचे इंजिन अडखळते तेव्हा जेटला हात शेवटी लावावा

रेसिंगच्या गो-कार्टमधले रोटॅक्स मॅक्सचे १२५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन नव्याने सांभाळू पाहणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. कोल्हापूरच्या ट्रॅकवर शिकाऊ मेकॅनिकांची एक सवय नेहमी दिसते. चालकाने पिटमध्ये येऊन ‘गाडी ओढत नाही’ म्हटले, की लगेच मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे मुख्य भोक, बदलायला पाना उचलला जातो. माझे मत याच्या नेमके उलट आहे. टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पुरेसे पोहोचते आहे याची खात्री होत नाही, तोवर जेट बदलून काहीच सिद्ध होत नाही. उलट पुरवठ्यात दोष असताना जेटही बदलल्यामुळे मूळ दोष झाकला जातो.

त्यामुळे पाना उचलण्याआधी चालकाला नीट प्रश्न विचारावेत. सरळ पट्ट्यात पूर्ण थ्रॉटलवर इंजिन आधी व्यवस्थित ओढते, काही सेकंदांनी मरगळते आणि पाय उचलून पुन्हा दाबल्यावर सावरते, असे उत्तर आले तर फ्लोट बाउल (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) भरण्यापेक्षा वेगाने रिकामा होतो आहे, म्हणजेच पुरवठा कमी पडतो आहे, असा संशय घ्यावा. जेट लहान असल्यास इंजिन इतका वेळ थांबत नाही. थ्रॉटल त्या टप्प्यात येताच ते कुरकुरते. तक्रार एकाच बाजूच्या वळणानंतर येत असेल, तर आधी फ्लोट, म्हणजे बाउलमधली पेट्रोलची पातळी राखणारे तरंगते तुकडे, पाहावेत. दर फेरीत निराळ्या ठिकाणी तुटक मिसिंग होत असेल तर पेट्रोलचा विषय बाजूला ठेवून बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. या इंजिनाचे इग्निशन बॅटरीवर चालते आणि बॅटरी उतरली की लक्षणे पेट्रोलच्या दोषासारखीच दिसतात.

पुरवठ्याची तपासणी टाकीपासून सुरू करावी. टाकीची हवेची नळी दबली किंवा चोंदली असेल तर आत निर्वात तयार होऊन पेट्रोल अडते. दोनचार फेऱ्यांनंतर इंजिन बसले आणि झाकण सैल करताच ‘फुस्स’ आवाज झाला, तर आणखी शोधण्याची गरज नाही. त्यानंतर फिल्टर आणि नळ्यांचे जोड पाहावेत. पंपाला वीज लागत नाही. क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर त्याचा पडदा हलतो. हा दाब आणणारी पल्स नळी चिरलेली असेल किंवा तिच्यात तेल साचले असेल, तर पंप कमी वेगावर पुरेसा वाटतो आणि जास्त वेगावर कमी पडतो. पंपावरील पल्स नळीचे तोंड खालच्या दिशेला ठेवायचे ते एवढ्यासाठीच. साचलेले तेल परत उतरून जाते.

खरा वेळ द्यावा तो डेलॉर्टोच्या कार्बोरेटरच्या फ्लोट बाउलला. बाउल सरळ धरूनच उतरवावा आणि आतले पेट्रोल न सांडता उजेडात तळाशी पाहावे. पाणी असेल तर त्याचा मणी पेट्रोलखाली गोल राहतो आणि बाउल कलता केल्यावर तळावर घरंगळतो. असा एक मणी जेटच्या भोकाशी आला की इंजिन क्षणभर बंद पडते, आणि नंतर कितीही तपासले तरी दोष सापडत नाही. दोन्ही फ्लोट आपापल्या दांड्यांवर न अडकता वर-खाली होतात का, हे बोटाने पाहावे. कार्बोरेटर उलटा धरल्यावर फ्लोटचा हात गॅस्केटच्या पृष्ठभागाला समांतर राहिला पाहिजे. बाउलमध्ये येणारे पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हच्या टोकावर घासल्याची रेघ असेल तर तो बदलावाच, कारण बाहेरच्या नळीतून ओव्हरफ्लो होणारे पेट्रोल बहुधा याच रेघेतून सुटलेले असते.

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषते. पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो. म्हणून ऑइल मिसळून ठेवलेला अर्धा रिकामा कॅन मागील महिन्याचा असेल, तर तो माझ्या लेखी निकामीच.

इथवर सगळे नीट निघाले, तरच मिश्रणाकडे वळावे. थ्रॉटलच्या पहिल्या चतुर्थांशात आयडल जेट, मधल्या भागात थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी जेट नीडल (वरचा नीडल व्हॉल्व्ह नव्हे) आणि शेवटच्या चतुर्थांशात मेन जेट, असा साधारण हिशेब धरावा. या इंजिनाचे वंगण पेट्रोलमधूनच येत असल्याने मिश्रण लीन झाले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले, की उष्णता वाढते आणि तेलही कमी पोहोचते. पिस्टन जाम होतो तो असा. म्हणून सुरुवात नेहमी थोड्या रिच, म्हणजे जास्त पेट्रोलच्या, बाजूने करावी आणि मिश्रणाच्या अंदाजासाठी प्लगचा रंग तपासायचा तर पूर्ण थ्रॉटलवरून इंजिन थेट बंद करून, गाडी नुसती घरंगळत आणून तपासावा. पिटपर्यंत हळू चालवत आणलेल्या गाडीचा प्लग संथ वेगाचाच रंग दाखवतो. कोल्हापूरपेक्षा बंगळूरु सुमारे साडेतीनशे मीटर उंच असल्याने तिथे हवा विरळ असते आणि त्याच तापमानाला मेन जेट थोडा लहान लागतो. त्यामुळे वहीत जेटच्या क्रमांकाशेजारी ट्रॅकचे नाव, तापमान आणि हवेतील आर्द्रता लिहिलेली असावी.