पुढचा गट नजरेत ठेवा: हौशी गोल्फ स्पर्धेत खेळाचा वेग कसा राखावा

संथ खेळणाऱ्याला आपण संथ आहोत याचा पत्ताच नसतो. "मी तर चटकन मारतो," असं तो म्हणतो आणि ते खरंही असतं. प्रत्यक्ष फटक्याला दोन-तीन सेकंदच लागतात. वेळ खातं ते त्याआधीचं सगळं. पाळी आली की हातमोजा चढवायचा, मग अंतर मोजायचं, क्लब (चेंडू मारायची काठी) काढायचा, तो परत ठेवून दुसरा घ्यायचा, दोनदा सराव करायचा. तेवढ्यात वारा फिरला, की पुन्हा बॅगेकडे.

आधी थोडा हिशेब करू. गोल्फच्या नियम 5.6 मधली शिफारस अशी, की काही अडथळा नसेल तर फटका 40 सेकंदांच्या आत मारावा, आणि एरवी त्याहूनही लवकर. आता चौघांचा गट धरा, प्रत्येकाचे 90 फटके, म्हणजे एकूण 360. सगळ्यांनी पुरते 40 सेकंद घेतले तर नुसत्या फटक्यांतच चार तास गेले. चालणं आणि चेंडू शोधणं वेगळंच. 25 सेकंदांत भागवलं तर हेच काम अडीच तासांत उरकतं. तेव्हा 40 सेकंद ही कमाल मर्यादा आहे, पुरेपूर वापरायचा हक्क नव्हे.

1. आदल्या दिवशी धोरण वाचा. स्पर्धा समितीनं वेळेची मर्यादा, इशारा आणि दंड यांबद्दल काय ठरवलंय ते बघून ठेवा. प्रत्येक स्पर्धेचं धोरण वेगळं असू शकतं. वेगळं काही नसेल, तर स्ट्रोक प्लेमध्ये (जिथे एकूण फटके मोजतात) विनाकारण उशीर केल्यास पहिल्यांदा एक फटका दंड, दुसऱ्यांदा दोन आणि तिसऱ्यांदा थेट बाद.

2. खिसे भरूनच टीवर, म्हणजे होलच्या (मैदानातल्या एका टप्प्याच्या) सुरुवातीच्या जागी या. जादा चेंडू, चेंडू टेकवायच्या टी-खुंट्या, चेंडूची जागा खुणावायचा मार्कर. बस.

3. जो तयार, तो आधी. स्ट्रोक प्लेमध्ये भोकापासून लांब असलेल्याची वाट बघत सगळ्यांनी ताटकळण्याची गरज नाही. सुरक्षित असेल तर तयार असलेल्यानं मारावं; यालाच 'रेडी गोल्फ' म्हणतात आणि 2019 पासून नियमच त्याला प्रोत्साहन देतात. मात्र कुणाचा फायदा व्हावा म्हणून संगनमतानं क्रम बदलला तर दंड आहे. मॅच प्लेमध्ये (जिथे एकेक होल जिंकायचा असतो) जपून: पाळी सोडून मारलंत तर प्रतिस्पर्धी तो फटका रद्द करायला लावू शकतो. वेळ वाचवायचा असेल तर आधी त्याला विचारा.

4. आपापल्या चेंडूकडे चाला. चौघांनी घोळक्यानं पहिल्या चेंडूपाशी जाऊन उभं राहायचं, मग दुसऱ्यापाशी, ही मिरवणूक बंद करा. दुसरा मारत असतानाच, त्याला त्रास न देता, आपलं अंतर आणि क्लब ठरवून ठेवा.

5. चेंडू हरवेल असं वाटलं, की लगेच प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला सापडला नाही तर खेळायचा राखीव चेंडू. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. 'सापडेल हो' म्हणत दीडदोनशे मीटर चालत जायचं आणि मग मान खाली घालून टीवर परत यायचं! त्यापेक्षा "प्रोव्हिजनल मारतोय" असं स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारा; सांगितलं नाहीत तर तोच चेंडू खेळात आला असं धरलं जातं. शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, 2019 पासून तीनच. घड्याळ लावा. बाकीच्यांनी आधी आपले फटके मारून घ्यावेत आणि मग शोधायला यावं.

नियमाबद्दल शंका आली तरी मैदानात वाद घालत बसू नका. स्ट्रोक प्लेमध्ये तसं आधी जाहीर करून आणि कोणता चेंडू धरायचा ते सांगून दोन चेंडूंनी तो होल पूर्ण करता येतो. स्कोअरकार्ड देण्याआधी समितीला कळवायला मात्र विसरू नका, नाहीतर बाद व्हाल.

6. ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) बॅग योग्य बाजूला ठेवा. पुढच्या टीकडे जायची वाट ज्या बाजूला, तिकडे. मी कित्येक वर्षं बॅग ग्रीनच्या पुढ्यात ठेवून द्यायचो आणि पट (ग्रीनवरचा हलका फटका) संपला की मागच्या गटाच्या डोळ्यांदेखत ती आणायला उलटा जायचो. दुसऱ्याचा पट चालू असताना आपला चेंडू भोकाकडे कुठल्या रेघेनं जाईल ते वाचून घ्या. छोटा पट उरला असेल तर खूण करत बसण्यापेक्षा संपवून टाका. झेंडा भोकात ठेवूनही पट करता येतो. आकडे लिहायचे ते पुढच्या टीवर.

7. मागे पडलात तर. तुमची जागा पुढच्या गटाच्या मागोमाग आहे. मागचा गट अजून दिसत नाही, हे समाधान फसवं. पार 4 च्या (चार फटक्यांत संपणं अपेक्षित असलेल्या होलच्या) टीवर पोचलात आणि समोरचं ग्रीन रिकामं दिसलं, तर बहुधा तुम्ही मागे पडला आहात. धावू नका. पट संपलेल्या दोघांनी पुढच्या टीवर जाऊन फटके मारावेत. स्टेबलफोर्डमध्ये (जिथे प्रत्येक होलला गुण मिळतात) गुण मिळणार नसेल तर चेंडू उचला. साध्या स्ट्रोक प्लेमध्ये ही सोय नाही, तिथे होल पूर्ण करावाच लागतो.

स्पर्धेआधीच्या सरावात एक करून बघा. मित्राला सांगा, मधले कुठलेतरी तीन होल निवडून तुमच्या नकळत प्रत्येक फटक्याचा वेळ मोज. माझा अंदाज फटक्यामागे वीस सेकंदांचा होता. निघाले बावन्न.