एक टन, एक किलोमीटर, किती डिझेल? मालवाहतुकीचा हिशोब असा मांडा

‘गाडी चारचं ॲव्हरेज देते’ एवढ्यावर डिझेलचा हिशोब संपत नाही. छोटा हत्ती 700 किलो माल घेऊन अठराचं ॲव्हरेज देतो, दहाचाकी 18 टन घेऊन चारचं. टनांना किलोमीटरनं गुणून पाहा. छोट्या हत्तीत एका लिटरला 12.6 टन-किलोमीटर काम होतं, दहाचाकीत 72. म्हणजे जिचं ॲव्हरेज कमी दिसतं, तीच गाडी जवळपास सहापट काम करते. गाडी, रेल्वे, जहाज यांची तुलना करायची तर माप हेच धरा: मालाचे टन × किलोमीटर ÷ लिटर.

आधी स्वतःच्या गाडीचा आकडा काढा. सपाट जागेवर, ठरलेल्या पंपावर टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, वरून ठासून भरू नका. वजनकाट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या दोन्ही पावत्या घ्या, मालाचं वजन त्यांच्या फरकातून येतं. निदान 500 किलोमीटर चालवा आणि पुन्हा त्याच पंपावर, त्याच पद्धतीनं भरा. जितकं डिझेल बसलं तितकं जळलं. 100 किलोमीटरच्या फेरीवर मोजलंत तर टाकीतला पाच लिटरचा फरकही सगळं गणित बिघडवतो. टायरचा साइझ बदलला असेल तर मीटर चुकतो, म्हणून हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांवर दहा किलोमीटर ताडून बघा.

आपल्या बेळगाव भागात एक चूक हमखास होते. निपाणीच्या पुढे कोगनोळीला कर्नाटक संपून महाराष्ट्र लागतो आणि डिझेलचा दरही बदलतो. जाताना एकीकडे, येताना दुसरीकडे भरून रुपयांत हिशोब ठेवला, तर गाडीनं डिझेल जास्त खाल्लं की दर वाढला हे कळतच नाही. वहीत आधी लिटर लिहा, रुपये शेजारच्या रकान्यात.

आता रिकाम्या फेरीचं बघा. दहाचाकीला भरून 100 किलोमीटरला 25 लिटर लागले आणि रिकामी परतताना सहाच्या ॲव्हरेजनं 17, तर 42 लिटरमध्ये काम झालं 1,800 टन-किलोमीटर. लिटरला 72 चे 43 झाले. हजार टन-किलोमीटरला भरलेली फेरी 14 लिटर मागते, रिकामं परतणं धरलं की 23. डिझेल वाचवायचं तर आधी रिटर्न माल शोधा. इंजिनाच्या कुठल्याही दुरुस्तीतून इतकी बचत होणार नाही.

देशांतर्गत जलमार्ग प्राधिकरण लिटरला रस्त्यावर 24, रेल्वेनं 85 आणि जलमार्गानं 105 टन-किलोमीटर असे आकडे देतं. रस्त्याचा 24 हा आकडा चांगल्या भरलेल्या दहाचाकीला लागू पडत नाही, अर्धवट भरलेल्या छोट्या ट्रकच्या जवळ जातो. तो उचलून स्वतःच्या हिशोबात घालू नका. गोव्याच्या मुरगाव बंदरातून सुटणारं मोठं बल्क (सुटा माल नेणारं) जहाज लिटरला हजाराच्या घरात जातं. विमान फार तर चार-पाचपर्यंत, त्यामुळे बेळगावच्या सांबरा विमानतळावरून फक्त हलका, महाग आणि घाईचा मालच परवडतो.

रेल्वेसाठीही प्राधिकरणाचा 85 न धरता मालाच्या हजार टन-किलोमीटरला डिझेल इंजिनाचे साधारण 5 लिटर, म्हणजे लिटरला 200 धरा. डब्यांचं वजन आणि रिकामे परतणारे डबे त्यात आले. पण साखर कारखान्यातून थेट डब्यात पडत नाही. अथणी, चिक्कोडीकडचा माल आधी कुडची, रायबाग किंवा घटप्रभा स्टेशनला न्यावा लागतो आणि उतरल्यावर पुन्हा ट्रकमध्ये भरावा लागतो. 1,000 टन साखर घ्या, दोन्ही टोकांना 25-25 किलोमीटर ट्रक धरा, तो रिकामा परतणार. नुसत्या या दोन तुकड्यांना 1,150 लिटर जातात. मुक्काम रस्त्यानं 500 किलोमीटर आणि रेल्वेनं 550 असेल, तर रेल्वेचे 2,750 मिळून 3,900 होतात. ट्रकला रिटर्न मालासह 7,000, रिकामं परतल्यास 11,500. इथे रेल्वे निर्विवाद. मुक्काम 100 किलोमीटरवर असेल आणि रेल्वेचा मार्ग वळसा घेऊन 140 चा, तर रेल्वेचे एकूण 1,850 आणि रिटर्न माल मिळालेल्या ट्रकचे 1,400. रिटर्न माल मिळत असेल तर जवळच्या मुक्कामाला ट्रकच ठेवा. गाडी विजेवर असेल तर लिटरऐवजी युनिट मोजावे लागतात: एका लिटर डिझेलमध्ये सुमारे 10 युनिट ऊर्जा असते, त्यातली चारच इंजिनाच्या शाफ्टवर येते.

घाटाचा हिशोब वेगळा मांडा, कारण सरासरीत तो लपून जातो. बेळगाव गोव्यापेक्षा साधारण 700 मीटर उंच. एकूण 28 टनांची भरलेली गाडी तेवढी उंची चढली की अंतराचं डिझेल सोडून नुसत्या चढाचे 13-14 लिटर जातात. साडेनऊ टनांच्या रिकाम्या गाडीचे साडेचार. म्हणून बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्यात खाली नेऊन रिकामं वर येणं जितकं स्वस्त, तितकंच मुरगावहून माल भरून वर येणं महाग. गोव्याकडून येताना भाडं ठरवताना हे लिटर आधी धरा. रेल्वेलाही चढ सुटत नाही: कुळे ते कॅसलरॉक हा घाट 37 ला 1 चढाचा आहे, मालगाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात.

उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचतं ही समजूत सोडा. आताच्या कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं इंधन सोडणाऱ्या) इंजिनात गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन पूर्ण बंद होतं. न्यूट्रलला इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. वर इंजिनाचा धर सुटल्यानं सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ब्रेक लागेनासा होतो. ज्या गिअरनं चढला असता त्याच गिअरनं उतरा.

आकडा अचानक घसरला तर आधी थंड टायरची हवा बघा, मग एअर फिल्टर. उसाच्या हंगामात धुळीनं तो लवकर चोंदतो. सैल ताडपत्री फडफडत असेल तर दोरी आवळा. रांगेत इंजिन चालू ठेवलं तर ट्रकचे तासाला साधारण दोन लिटर जातात, काम शून्य.

उसाच्या ट्रॅक्टरला किलोमीटरचा मीटर नसतो, आणि जुन्या ट्रॅक्टरचा तासाचा मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, घड्याळावर नाही. अंतर मोबाइलच्या नकाशावर मोजा, टन कारखान्याच्या काट्याच्या पावतीवरून घ्या, आणि गव्हाणीवर (कारखान्यात ऊस टाकतात तिथे) पोचेपर्यंत रांगेत गेलेलं डिझेल वेगळं लिहा.