खाणीच्या सुनावणीला निघण्याआधी

सगळ्यात आधी गावातल्या गवंड्याकडून 50 मीटरचा टेप मागून आणा. मोर्चा, निवेदन, आमदार, पत्रकार हे सगळं नंतर. दगडखाणीच्या भांडणात शेवटी प्रत्येक साहेब एकच प्रश्न विचारतो, "घर किती लांब आहे?" तिथे "अगदी जवळ, साहेब, बांधाला बांध" असं उत्तर दिलं की फाइल मिटते. समोरचा माणूस नकाशा उघडतो आणि म्हणतो, 260 मीटर. त्याचा आकडा खोटा असेलही, पण त्याच्याकडे आकडा आहे आणि आपल्याकडे बांध.

मोजायचं कुठून, हे टेप उलगडण्याआधी ठरवा. आज दिसणाऱ्या खड्ड्याच्या काठापासून मोजू नका. खड्डा आज पलीकडच्या कोपऱ्यात आहे, चार वर्षांनी तो तुमच्या गोठ्यापाशी आलेला असेल. मोजायचं ते खाणपट्ट्याच्या, म्हणजे खाणीसाठी मंजूर झालेल्या जमिनीच्या, हद्दीपासून. ही हद्द पर्यावरण मंजुरीच्या पत्रात आणि खाणकाम आराखड्यात अक्षांश-रेखांशासह लिहिलेली असते. ते आकडे मोबाइलच्या नकाशात टाकले की कॉलेजात जाणारं कुठलंही पोरगं दहा मिनिटांत हद्द काढून देतं. पण मोबाइलचा नकाशा आपल्या समजुतीपुरता. कागदावर टिकायला हवं असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका, आणि आजच टाका, कारण मोजणीची तारीख मिळता मिळता सुनावणी होऊन जाते.

दुसरं टोक घराचं, आणि सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. मंजुरीच्या कागदावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, "गावठाणापासून अंतर 900 मीटर." ते खरंही असतं. पुण्याच्या पूर्वेला वाघोली, लोणीकंद, भावडी या खाणींच्या पट्ट्यात फिरून या किंवा राज्यातलं कुठलंही बागायती गाव बघा, माणसं गावठाणात राहतात कुठे? निम्मं गाव मळ्यात, वस्तीवर, आपापल्या विहिरीच्या कडेला राहतं. गावठाणात राहिलेत मारुतीचं देऊळ, सोसायटीचं ऑफिस आणि म्हातारी माणसं. कागदाच्या लेखी गाव गावठाणाच्या हद्दीला संपतं आणि खाणीला मंजुरी देताना वस्त्यांची "शेती" होते. म्हणून तुमच्या यादीचा गाभा म्हणजे घरांचा तक्ता. पट्ट्याच्या हद्दीपासून 500 मीटरच्या आत येणारं प्रत्येक घर, गोठा, शाळा, अंगणवाडी, विहीर आणि देऊळ गट नंबरासह त्यात लिहा, आणि प्रत्येकापुढे जवळच्या भिंतीपासूनचं अंतर.

त्याच तक्त्यात एक रकाना घर कधी बांधलं त्याचा ठेवा. "खाण आधी होती, तुम्ही नंतर आलात," हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणारच आहे. उत्तराला ग्रामपंचायतीचा नमुना 8 काढा, म्हणजे घरपट्टीची कर आकारणी नोंद. तलाठ्याचा 8अ वेगळा, तो जमिनीच्या खात्याचा. आमच्याकडे पहिल्या वेळी अकरा जणांनी मोठ्या उत्साहाने 8अ आणले होते. घरपट्टी लागली नसेल तर पहिलं वीजबिल किंवा घरकुलाचं मंजुरीपत्र चालतं. एखादं घर खरंच खाणीनंतरचं असेल तर तसं सरळ लिहा. कंपनाची आणि धुळीची मर्यादा घराचं वय विचारत नाही, पण एक खोटी तारीख पकडली गेली की बाकीच्या चाळीस खऱ्या तारखांवरचा विश्वास उडतो.

आता किती अंतर हवं, याची गल्लत होऊ देऊ नका. केरळातल्या एका प्रकरणात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 साली सुचवलं होतं की सुरुंग लावत असतील तर घरांपासून 200 मीटर, नसतील तर 100 मीटर अंतर हवं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्याच वर्षी जुलैत ते उचलून धरलं, खाणमालक उच्च न्यायालयात गेले आणि तो आदेश वादात अडकला. तेव्हा हे आकडे आधाराला घ्या, ब्रह्मास्त्र समजू नका. 500 मीटरचा आकडा वेगळा आहे. सुरुंगाच्या वेळी तेवढा परिसर खाण सुरक्षेच्या नियमांनी धोक्याचा मानला जातो. तिसरा आकडा जमीन महसूल संहितेच्या कलम 42ड मधला आहे. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतची जमीन, प्रादेशिक योजनेत ती विकासयोग्य विभागात असेल तर, अकृषिक वापरासाठी ग्राह्य धरली जाते. म्हणजे उद्या घरं जिथे वाढणार ती जागा सरकारनेच सांगून ठेवली आहे. खाण तिच्या अंगावर येत असेल तर हे कलम शांतपणे समोर ठेवा. यासाठी नगररचना कार्यालयातून दोन्ही गटांचे झोन दाखले काढा, खाणीच्या आणि तुमच्या. शेती विभागात उत्खननाला मुळातच बंदी आहे असं समजून जाल तर तोंडघशी पडाल. 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत ते अटींवर चालतं. त्या अटी प्रकरण 15 मध्ये आहेत. त्यांची छापील प्रत जवळ ठेवा आणि लागू पडणाऱ्या ओळींखाली रेघा मारा.

कागद मिळवायला माहितीचा अधिकार वापरा. आपल्या राज्याच्या नियमाने एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, त्यामुळे सगळी गाऱ्हाणी एका अर्जात कोंबू नका. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. उत्तराला 30 दिवस लागतात. महसुलाच्या गौण खनिज (दगड, वाळू, मुरूम यांच्या) शाखेकडून खाणपट्ट्याचा करार, खाणकाम आराखडा आणि उत्खननाची ईटीएस (यंत्राने केलेली) मोजणी मागा. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे क्रशरचं, म्हणजे खडी फोडण्याच्या यंत्राचं, संमतीपत्र मागा. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचा सहामाही अहवाल मालकाने दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो, तोही मागा. तो दिलाच नसेल तर ते उत्तरही लेखी घ्या. कधी कधी सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे "अभिलेख उपलब्ध नाही" ही एक ओळ.

आणि एक कागद आपल्याच ग्रामपंचायतीत शोधा. मन घट्ट करून शोधा. ना हरकत दाखला. प्रोसिडिंग बुक (सभांची नोंदवही) उघडलं की सहा वर्षांपूर्वीच्या मासिक सभेत, "ऐनवेळच्या विषयात", तो सापडतो आणि खाली सूचक-अनुमोदक म्हणून आपल्याच भावकीतली नावं असतात. आमच्याकडे त्या पानानंतर दोन घरांतलं बोलणं वर्षभर बंद होतं. त्या नावांवरून भांडत बसू नका. ठराव ग्रामसभेचा होता की नुसत्या मासिक सभेचा, एवढं तपासा. ग्रामसभेचा असेल तर गणपूर्ती बघा: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती. गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर गोष्टच निराळी. तिथे पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याने, गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते.

नोंदवहीचं काम मात्र आज संध्याकाळपासून सुरू करा. शंभर पानी वही घ्या आणि ती घरात दिवसभर असणाऱ्या माणसाकडे द्या. तरुणांकडे दिलीत तर पहिले चार दिवस भरते. प्रत्येक सुरुंगाची तारीख, घड्याळातली वेळ, आधी भोंगा झाला की नाही, दगड कुठवर उडाला, भांडी वाजली का, हे लिहा. उडालेला दगड पडला तिथेच राहू द्या, शेजारी टेप ठेवून फोटो काढा आणि तलाठ्याला पंचनाम्यासाठी लेखी बोलवा. तलाठी आला नाही तरी अर्जाची पोच राहते.

भिंतीच्या भेगांना वेगळी पद्धत आहे. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. भेग वाढली की काच तडकते. त्यात कुणाच्या सांगण्या-न सांगण्याचा प्रश्न येत नाही. आजच्या भेगांचे फोटो आजच काढा, नाहीतर "या जुन्याच आहेत, पाया खचलाय" असं ऐकाल, आणि काळ्या मातीवर बांधलेल्या घरांच्या बाबतीत ते काही वेळा खरंही असतं. जमिनीचा हादरा किती चालतो याला आकडा आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकाप्रमाणे मालकाची नसलेली साधी घरं असतील तर कंपनाच्या वारंवारितेनुसार (सेकंदाला किती हेलकावे, त्यानुसार) हादऱ्याचा वेग सेकंदाला 5, 10 किंवा 15 मिलिमीटर. वारंवारिता 8 हर्ट्झच्या खाली असली की मर्यादा 5. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, ते मालकाने लावायचं. म्हणून मागणी अशी लिहा: कंपनमापक आमच्या सगळ्यात जवळच्या घराच्या अंगणात, आमच्यासमोर लावा आणि नोंदीची प्रत द्या. "ब्लास्टिंग बंद करा" या ओळीपेक्षा ही ओळ साहेबांना जास्त अडचणीची वाटते, असा माझा अनुभव आहे.

धुळीचं तसंच. क्रशरच्या यंत्रापासून 3 ते 10 मीटरवर हवेतले कण घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नयेत, असा नियम आहे. पाणी फवारणी, पत्र्याचं आच्छादन, भोवतीची झाडं यांची स्थिती फोटोत दिसू द्या. डाळिंबाच्या पानावर बसलेला थर दाखवायचा तर एक पान पुसलेलं आणि एक न पुसलेलं, एकाच फांदीवरचं. विहिरीचं पाणी दर अमावास्येला दोराला दगड बांधून मोजा. परस या जुन्या मापात नको, मीटरात लिहा. पण विहीर आटली ती खाणीमुळेच, असं छातीठोक म्हणू नका. आपल्या काळ्या पाषाणात पाणी सांध्यांतून आणि भेगांतून चालतं. सुरुंगाने वाट बदलू शकते, तशी शेजारच्या नव्या बोअरनेही बदलते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून तपासणी मागा, एवढंच.

डंपरचे नंबर आणि फेऱ्या लिहा. वाहतूक परवान्यात ब्रास लिहिलेले असतात. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, तेव्हा हायव्यात, म्हणजे मोठ्या डंपरात, डोळ्यांनी किती दिसतंय ते ताडता येतं. गाडी मात्र अडवू नका. जप्तीचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम 48(8) खाली महसूल अधिकाऱ्यांचा आहे. आपण आडवे झालो की गुन्हा आपल्यावर दाखल होतो आणि खाणीचा विषय बाजूला पडतो. तहसील कार्यालयाला फोन करा, फोनची वेळ वहीत टाका.

माणसांचीही तयारी लागते. गावातल्या कुणाचा डंपर खाणीवर लागलेला असतो, कुणाची जमीन भाड्याने गेलेली असते, कुणाचा पोरगा वजनकाट्यावर पावत्या फाडतो. त्यांना गद्दार ठरवून मोकळं होणं सोपं आहे. त्यापेक्षा त्यांच्याशी आधी बोला. मागणी "अंतर पाळा, वेळ पाळा, रस्त्यावर पाणी मारा" अशी असेल तर त्यातले निम्मे गप्प राहतात, आणि तेवढंही पुरतं. आणखी एक. खाणीच्या सगळ्यात जवळ कुणाची घरं असतात? खाणकामगारांची, पत्र्याची, बऱ्याचदा वडार कुटुंबांची. वाघोलीत त्यांच्या मुलांसाठी पाषाणशाळा काढाव्या लागल्या, त्या उगीच नाही. आपल्या तक्त्यात ही घरं बहुधा येत नाहीत, कारण ते "आपल्यातले" नाहीत. ती लिहा. धूळ त्यांच्या छातीत आधी जाते.

सुनावणी लागली असेल तर तिचे नियम वाचून जा. पट्टा किंवा लगतच्या पट्ट्यांचा समूह 5 हेक्टरच्या वर गेला की जनसुनावणीचा विषय येतो. दोन पट्ट्यांच्या हद्दींत 500 मीटरपेक्षा कमी अंतर असलं की ते समूहात मोजतात. म्हणून "आमचा पट्टा साडेचारच हेक्टरचा" असं म्हटलं गेलं की शेजारच्या पट्ट्यांची यादी पुढे करा. सुनावणीची जाहिरात किमान 30 दिवस आधी, एका मराठी दैनिकातही यायला हवी. अहवालाचा मराठी सारांश आधी बघायला मिळायला हवा. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला प्रतिनिधी हवा. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे तुम्ही रागाने उठून गेलात तरी सुनावणी पूर्ण झाली असंच लिहितात. बसून राहा. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा मराठीत वाचून दाखवायचा असतो. तुमचा मुद्दा त्यात आला नाही तर तिथेच उभं राहून सांगा.

छोट्या खाणीला सुनावणी नसते, तिथे ग्रामसभेचा ठराव आणि लेखी हरकती यांवरच भिस्त. प्रांताधिकाऱ्याकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज करता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं कलम 133 ते हेच. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे, भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी 1000 रुपये. मुदत मात्र भिंतीवर लिहून ठेवा: मंजुरीविरुद्ध अपील 30 दिवसांत, भरपाई न मागणारे इतर अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून 6 महिन्यांत. सबळ कारण दिलं तर दोन्हींना 60 दिवसांची सवलत मिळू शकते, पण तिच्या भरवशावर राहू नका. "आधी साहेबांना भेटून बघू" यात सहा महिने कसे जातात ते कळत नाही.

सुनावणीच्या सकाळी पिशवीत तक्त्याच्या पाच प्रती, मूळ वही, तिच्या झेरॉक्स, फोटोंवर मागे तारखा, शिक्का मारून घ्यायला निवेदनाची जादा प्रत आणि पाण्याच्या बाटल्या ठेवा. बोलणारे पाचच ठरवा, एकाने एकच मुद्दा. पहिल्यांदा सगळ्यात जवळच्या घरातल्या आजींना उभं करा, त्यांना फक्त आपलं अंतर आणि काच कुठल्या तारखेला तडकली ते सांगू द्या. वकील असेल तर शेवटी. आणि परत आल्यावर टेप गवंड्याला देऊन टाका, त्याचं स्लॅबचं काम अडलेलं असतं.