उबुंटूवर दोन जीसीसी: बसवायचे कसे, बदलायचे कसे

जुना सी प्रोजेक्ट नव्या जीसीसीवर (हा सी कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर) कंपाइल होईना, की बरेच जण आधीचा कंपायलरच काढून टाकतात. असं करू नका; सिस्टीममधली इतर पॅकेजेस त्यावर अवलंबून असतात. शिवाय काढायची गरजच नसते. जीसीसी-१३, जीसीसी-१४ हे प्रोग्रॅम आपापल्या नावाने शेजारी शेजारी नांदतात. नुसतं ‘जीसीसी’ म्हणजे त्यातल्या एकाकडे बोट दाखवणारी सिमलिंक, इतकंच.

खालचं सगळं उबुंटू २४.०४ साठी आहे. तिथे मुळात १३ असतो. कमांड टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन छोट्या अक्षरांत लिहायच्या; फक्त शेवटी येणारे सीसी आणि सीएक्सएक्स मोठ्या अक्षरांत.

आधी १४ बसवा:

सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी-१४ जी++-१४

जी++, म्हणजे सी++ चा कंपायलर, हमखास विसरला जातो आणि मग सी एकाने, सी++ दुसऱ्याने कंपाइल होतं. आता ‘जीसीसी --व्हर्जन’ विचारलंत तर उत्तर अजूनही १३ च येईल. घाबरू नका, सिमलिंक अजून जागची हललेली नाही.

ती हलवण्याआधी दोन्ही आवृत्त्यांची नोंद करायची:

सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ज --इन्स्टॉल /यूएसआर/बिन/जीसीसी जीसीसी /यूएसआर/बिन/जीसीसी-१३ १०० --स्लेव्ह /यूएसआर/बिन/जी++ जी++ /यूएसआर/बिन/जी++-१३

हीच ओळ १४ साठी पुन्हा, फक्त १०० च्या जागी ५०. हा आकडा म्हणजे प्राधान्य. ऑटो मोडमध्ये मोठा आकडा जिंकतो. मी मुद्दाम सिस्टीमच्या मूळ कंपायलरला मोठा देतो. ‘स्लेव्ह’मुळे जी++ जीसीसीच्या मागोमाग बदलतो.

मग ‘सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ज --कॉन्फिग जीसीसी’. यादी येते, चालू असलेल्यापुढे तारा दिसतो. हवा तो क्रमांक देऊन एंटर.

बदल झाला का हे बघायची माझी आवडती युक्ती: एसटीडीआयओ.एच इन्क्लूड न करता प्रिंटएफ वापरणारा तीन ओळींचा सी प्रोग्रॅम. १३ कुरकुरतो, म्हणजे वॉर्निंग देतो, पण कंपाइल करतो. १४ सरळ एरर देऊन थांबतो. जुना कोड १४ वर अडतो तो बहुधा अशाच कारणांनी.

खरं सांगायचं तर एकाच प्रोजेक्टसाठी एवढा खटाटोप नकोच. प्रोजेक्ट मेक या बिल्ड करणाऱ्या प्रोग्रॅमने बनत असेल तर ‘मेक सीसी=जीसीसी-१४’ एवढं पुरतं (सीसी म्हणजे कोणता सी कंपायलर वापरायचा ते); सी++ असेल तर सीएक्सएक्स=जी++-१४ ही जोडा. हे मेकच्या पुढेच लिहा, कारण मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकच्या सूचनांच्या फाइलमध्ये, सीसी ठरवलेला असेल तर टर्मिनलमध्ये आधी एक्सपोर्ट केलेल्या सीसीला ती जुमानत नाही. सीमेक या दुसऱ्या बिल्ड प्रोग्रॅमची तऱ्हा उलटी: तो एक्सपोर्ट केलेला सीसी बघतो, पण पहिल्याच वेळी. सापडलेल्या कंपायलरची नोंद बिल्ड फोल्डरमध्ये ठेवतो आणि नंतर विचारत नाही. तेव्हा तो फोल्डर उडवून नव्याने सुरुवात करा.

काम संपलं की मूळ कंपायलरवर परत या, नाहीतर कर्नेल (सिस्टीमचा गाभा) अपडेट होताना ग्राफिक्स ड्रायव्हरसारखी मॉड्यूल बनताना अडू शकतात:

सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ज --ऑटो जीसीसी