बेडरूम कशाला म्हणायचं? रीसेलच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी

महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) परीक्षा देऊन एजंट झालात, तरी रीसेलच्या कामात पहिली अडचण साध्याच प्रश्नाची येते: या फ्लॅटला टू बीएचके म्हणायचं की थ्री? मालक फोनवर सांगेल तो आकडा तसाच जाहिरातीत टाकू नका. आधी मंजूर नकाशा मागा. भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला दिलेली परवानगी) ज्या नकाशावर मिळालं, त्यात बेडरूम म्हणून जेवढ्या खोल्या दाखवल्यात तेवढ्याच बेडरूम. फ्लॅटचा नकाशा बहुतेक वेळा नोंदणीकृत करारनाम्याच्या शेवटी जोडलेला असतो. तिथे नसेल तर सोसायटीच्या दप्तरात पाहा. प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असेल तर संकेतस्थळही तपासा. इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला कराराचा गोषवारा) इथे कामाचा नाही, त्यातून क्षेत्रफळ समजतं, खोल्यांची मांडणी नाही.

नकाशा हातात घेऊनच घर पाहायला जा, आणि टेप बरोबर ठेवा. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीचं किमान क्षेत्रफळ 9.5 चौ.मी. (सुमारे 102 चौ.फूट) आणि रुंदी 2.4 मी. आहे. दोन खोल्या असतील तर दुसरी 7.5 चौ.मी. (सुमारे 81 चौ.फूट) आणि 2.1 मी. रुंद असली तरी चालते. उंची 2.75 मी., म्हणजे नऊ फूट. स्थानिक नियमावलीत थोडंफार वेगळं असू शकतं, पण संशय कुठे घ्यायचा हे या आकड्यांवरून कळतं. माप भिंतीपासून भिंतीपर्यंत घ्या, वॉर्डरोबच्या दारापासून नव्हे. नकाशातली मापं बरेचदा गिलाव्याआधीची असतात, त्यामुळे दोन-तीन इंच कमी भरले तर हरकत नाही. फूटभर फरक आला तर मात्र भिंत सरकवलेली आहे असं समजून मालकाला विचारा.

खिडकी थेट बाहेर उघडते का, तेही पाहा. हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन टाकून काढलेल्या खोलीत बरेचदा खिडकी एकाच बाजूला राहते आणि दुसरा भाग अंधारा होतो. असं पार्टिशन मोजायचंच नाही. वन आरकेला (एक खोली आणि किचन) पडदा लावला तरी तो वन आरकेच.

सगळ्यात जास्त फसगत होते ती बंद केलेल्या टेरेसवर आणि बाल्कनीवर. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हे हमखास आढळतं. ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. फरशी आतल्या खोलीपेक्षा इंच-दोन इंच खाली असते. तिला एका कोपऱ्याकडे उतार असतो आणि तिथे पावसाच्या पाण्याचं बुजवलेलं भोक सापडतं. बाहेरची भिंत कठड्याच्या उंचीपर्यंतच पक्की, वर सगळी स्लायडिंग. छत कधी पत्र्याचं. रंगरंगोटी कितीही चांगली असली तरी फरशीचा उतार लपत नाही, म्हणून आधी खाली बघा. अपवाद एकच: काही जुन्या नकाशांत बाल्कनी पालिकेकडे रीतसर अधिमूल्य (प्रीमियम) भरून खोलीत घेतलेली असते. तसं नकाशात दिसत असेल तर ती जागा खोलीचाच भाग.

हे इतकं काटेकोर का, तर खरेदीदार कर्ज काढतो तेव्हा बँकेचा व्हॅल्युअर हाच नकाशा घेऊन येतो. वाढीव बांधकाम तो सहसा किमतीत धरत नाही. मूल्यांकन खाली येतं, कर्ज कमी मंजूर होतं, खरेदीदाराला उरलेली रक्कम स्वतःची घालावी लागते आणि टोकन परत मागण्यापर्यंत गोष्ट जाते. शिवाय विनापरवाना बांधकामाबद्दल नोटीस आली तर ती तेव्हाच्या मालकाला निस्तरावी लागते. रेरा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे बाल्कनी आणि टेरेस कार्पेट एरियात (घराच्या आतल्या वापरण्याजोग्या क्षेत्रफळात) येत नाहीत, म्हणून अशी खोली मोजली की कार्पेटचा आकडाही सोबतच चुकतो.

अडीच बीएचके हा बाजाराचा शब्द आहे, कायद्यात त्याची व्याख्या नाही. ती अर्धी खोली स्टडी आहे, देवघर आहे की नोकराची खोली, ते लिहा आणि माप द्या. किचन ड्राय बाल्कनीत नेऊन जुन्या किचनची बेडरूम केली असेल तर नकाशाप्रमाणे ते किचनच. आणि दोन वन बीएचके जोडून केलेला जोडफ्लॅट थ्री बीएचके म्हणून विकायला काढला, तर करारनामे, शेअर सर्टिफिकेट आणि वीजमीटर दोन-दोन आहेत का, आणि मधली भिंत पाडायला परवानगी होती का, हे विचारल्याशिवाय जाहिरात देऊ नका.

मालक थ्री बीएचकेसाठीच अडून बसला तर त्याला व्हॅल्युअरचा मुद्दा सांगा, बहुतेक जण ऐकतात. पोर्टलवर बेडरूमचा आकडा 2 निवडा आणि वर्णनात लिहा: ‘नकाशाप्रमाणे 2 बीएचके, शिवाय 10 बाय 7 फुटांची बंद केलेली टेरेस, सध्या मुलांच्या अभ्यासासाठी वापरात. टेरेस कार्पेटमध्ये धरलेली नाही.’ त्या टेरेसच्या फोटोखालीही ‘बेडरूम 3’ न लिहिता ‘बंद टेरेस’ असंच लिहा.